नाव लावणं आणि नाव होणं: इचलकरंजीकर, पलुसकर, पेंटर



संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो असा: 'स्वतंत्र व्यावसायिकाचा पर्सनल ब्रँड'. समोर बसलेल्यांत निम्मे तरी पस्तिशीच्या आतले दिसतात. कुणी फोटोग्राफी करतं, कुणी व्हिडिओ एडिटिंग, कुणी कापडाची डिझाईन्स काढतं, कुणी घरात बसून पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांची कामं करतं. नोकरी नाही, मालक नाही. काम मिळालं तर पैसे. आणि तुम्हाला चहूबाजूंनी एकच सांगितलं जातं, की स्वतःचा ब्रँड करा. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. लोगो कसा काढावा हे आम्ही सांगू शकणार नाही. पण हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही, आणि तो आपल्याच या पट्ट्यात, मिरज ते कोल्हापूर या दरम्यान, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही माणसांनी मोठ्या जिद्दीने सोडवायचा प्रयत्न केला, एवढं आम्ही सांगू शकतो.

आधी शब्दाकडे बघू. ब्रँड म्हणजे मुळात जनावराच्या अंगावर उमटवलेला डाग, मालकीची खूण. आपल्याकडचा शब्द 'नाव'. आणि मराठीत या नावाबरोबर किती क्रियापदं येतात बघा. नाव लावतात, नाव ठेवतात, नावं ठेवतात, नाव काढतात, नाव घालवतात, नावाला जागतात. आणि 'नाव होतं'. यातलं लावणं आपल्या हातात आहे. पाटी रंगवली की नाव लागलं. 'नाव झालं' या वाक्यात मात्र करणारे दुसरेच कुणी असतात. आपण फक्त काम केलेलं असतं. नाव गावाने केलेलं असतं. आजचं सगळं व्याख्यान या दोन क्रियापदांमधल्या अंतराबद्दल आहे.

सुरुवात इथून जवळच्या इचलकरंजीपासून करू. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, जन्म १८४९, मृत्यू १९२६. ग्वाल्हेरची ख्याल गायकी महाराष्ट्रात रुजवण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते हे बुवा. तरुणपणी घर सोडून, हाल सोसून ते ग्वाल्हेरला पोहोचले आणि वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकले. मुंबईत काही काळ राहून त्यांनी 'संगीत दर्पण' नावाचं मासिकही चालवलं. म्हणजे आजच्या भाषेत स्वतःच्या विषयावरचा मजकूर स्वतः प्रसिद्ध करणं त्यांनाही सुचलं होतं! पण दम्याच्या विकाराने मुंबई सोडावी लागली. मिरज, औंध असं करत शेवटी ते इचलकरंजीच्या जहागीरदारांच्या, म्हणजे घोरपड्यांच्या आश्रयाला स्थिरावले, आणि त्या गावाचं नाव त्यांना कायमचं चिकटलं.

आता या नावात काय काय होतं? एक, गाव आणि त्या गावाचा धनी. दोन, गुरू आणि घराणं. तेव्हाच्या गवयाला 'मी चांगला गातो' असं सांगावं लागत नसे. 'मी अमक्याचा शिष्य, तमक्याच्या दरबारात असतो' एवढं पुरे. गायकाच्या गुणवत्तेची हमी गुरू आणि दरबार देत. ही व्यवस्था आपण हसण्यावारी नेऊ नये. तिने माणसाला रोजच्या भाकरीची काळजी न करता शिष्य तयार करायला सवड दिली. पण तिची किंमतही होती. धनी बदलला, त्याची मर्जी गेली, तिजोरी आटली, की गवई उघडा पडायचा. आणि मान? गाण्याला मान होता. गवयाला असेलच असं नाही.

इथे बुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर येतात. जन्म १८७२, कुरुंदवाड. मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुसकर. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शिक्षण थांबलं, म्हणून मिरजेच्या संस्थानिकांच्या आधाराने मुलाला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला ठेवलं. एक गोष्ट परंपरेने सांगितली जाते. मिरजेत कुठल्याशा समारंभाचं बोलावणं विष्णुपंतांना आलं, त्यांच्या गुरूंना आलं नाही. कारण विचारलं तर उत्तर मिळालं की ते काय, गवई! गोष्ट तपशिलात खरी असो वा नसो, १८९६ साली विष्णुपंतांनी मिरज आणि तिथला आश्रय सोडला हे खरं आहे.

चोवीस वर्षांचा, अधू दृष्टीचा तरुण. पाठीशी दरबार नाही. आपल्या आजच्या अर्थाने तो 'फ्रीलान्सर' झाला. त्याने काय केलं? बडोदा, ग्वाल्हेर, काठेवाड, उत्तर हिंदुस्थान असा प्रवास केला. आणि काठेवाडात एक गोष्ट केली जी आज साधी वाटते: तिकीट लावून, कुणालाही येता येईल असा गाण्याचा जलसा. तोवर गाणं राजवाड्यात, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात, नाहीतर देवळात. तिकीट लावणं म्हणजे नुसती पैशाची व्यवस्था नव्हे. एका धन्याच्या जागी शंभर अनोळखी माणसं ठेवणं. त्यांतला एखादा रुसला तरी उरलेले असतात. पण हे शंभर जण तुमच्या गुरूला ओळखत नाहीत, घराणं जाणत नाहीत. त्यांना तुम्ही स्वतःच विश्वास द्यायला हवा.

तो विश्वास कसा दिला? ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. लाहोर! कुरुंदवाडचा माणूस, भाषा परकी, ओळखी नाहीत. राजाच्या देणगीवर नाही, तर लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालणारी गायनशाळा. ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा, स्वतः बसवलेली स्वरलिपी, छापील पुस्तकं. घरंदाज बायकामुलींनी गाणं शिकावं यासाठीही त्यांनी खटपट केली. १९०८ साली मुंबईत शाखा निघाली. यातली प्रत्येक गोष्ट समाजाला एकच सांगत होती: गवई हा शिस्तीचा, शब्दाचा पक्का माणूस असतो, त्याला तुम्ही घरात घेऊ शकता. पलुसकरांनी आपल्या नावाआधी आपल्या धंद्याचं नाव सुधारलं. आम्हाला ही फार मोलाची गोष्ट वाटते. ज्या धंद्यालाच पत नाही, त्यात एकट्याच्या पाटीला कितीशी पत येणार?

याची किंमत त्यांनी मोजली. मुंबईच्या इमारतीसाठी काढलेलं कर्ज फिटलं नाही, इमारत धनकोंच्या हाती गेली. शेवटची वर्षं नाशिकच्या आश्रमात, रामनामात गेली. १९३१ साली मिरजेत त्यांचं निधन झालं. हिशेबाच्या वहीत हा धंदा बुडाला असं कुणी म्हणेल. पण त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, आणि आजही गावोगावची मुलं त्याच्या परीक्षा देतात. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास ही त्यांच्या शिष्यांची नावं. बाळकृष्णबुवांच्या नावाला हमी गुरू आणि दरबाराची. पलुसकरांच्या नावाला हमी त्यांनी घडवलेल्या माणसांची.

गाण्याकडून आता चित्राकडे वळू, कारण तिथे नाव जोडण्याची तिसरी तऱ्हा दिसते. कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०. आपण त्यांना बाबूराव पेंटर म्हणतो. ते आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. नाटक कंपन्या फिरत्या. रंगवलेला पडदा गावोगाव उलगडला जायचा, हजारो लोक तो बघायचे. जाहिरात करावी लागली नाही, कामच फिरत होतं. आणि लोकांनी धंद्याचं नावच आडनाव करून टाकलं. मेस्त्री हेही धंद्याचंच नाव की! पण मेस्त्री वाडवडिलांकडून आलं होतं, पेंटर स्वतःच्या हाताने मिळवलं.

१९१६ साली आनंदराव गेले. दोघांनी पाहिलेलं चित्रपटाचं स्वप्न बाबूरावांनी पुढे नेलं, कॅमेरा इथेच कोल्हापुरात जुळवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. भांडवलाला हातभार लावला तानीबाई कागलकर या गायिकेने. हे नाव लक्षात ठेवा. ज्या काळात गाणाऱ्या बाईचं नाव चारचौघांत घ्यायला लोक बिचकत, त्या काळात तिच्या कमाईवर एक कंपनी उभी राहिली. १९२० साली 'सैरंध्री' आला, टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. चित्रपटाची पोस्टरं आणि छापील पुस्तिका यांचं महत्त्व त्यांनी फार लवकर ओळखलं. म्हणजे त्यांना प्रसिद्धीचं वावडं नव्हतं. पण पोस्टर ते ज्या हाताने करत, त्याच हाताने चित्रपटातला देखावा उभा करत. पोस्टरने कबूल केलेलं पडद्यावर सापडत असे.

पुढे १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर ही त्यांच्याकडे तयार झालेली माणसं बाहेर पडली आणि सीताराम कुलकर्ण्यांसह त्यांनी 'प्रभात' काढली. बाबूरावांची कंपनी त्यानंतर फार टिकली नाही. ते पुन्हा रंगांकडे आणि शिल्पाकडे वळले. कंपनी गेली, पेंटर राहिलं. कारण ते नाव कंपनीला दिलेलं नव्हतंच, हाताला दिलेलं होतं.

आता आपल्या दाराशी या. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. आज त्या गावात 'खर्चीवाला' हा शब्द सगळ्यांना कळतो. सूत व्यापाऱ्याचं, माग आणि मेहनत याची, मजुरी पिकावर. कापड बाजारात जातं ते दुसऱ्याच्या छापाने. हुपरीत पैंजण घडवणाऱ्याचंही तेच. परगावच्या दुकानात ते दुकानदाराच्या नावाने विकलं जातं. आणि संगणकावर रात्र जागवणारी तुमच्यातली कित्येक मुलं-मुली याच अर्थाने खर्चीवाली आहेत. काम तुमचं, नाव कुणा एजन्सीचं. मंदी आली की पहिला फटका खर्चीवाल्याला, कारण त्याच्या जागी दुसरा कोण आला हे घेणाऱ्याला कळतसुद्धा नाही. म्हणून नाव लागणं ही हौसेची गोष्ट नाही. तो पोटाचा प्रश्न आहे, आणि थोडा न्यायाचाही.

उपनिषदांत जगाच्या उत्पत्तीबद्दल एक विचार आहे, की आधी सगळं अव्यक्त होतं, ते नाव आणि रूप यांनी वेगळं झालं. नाव आणि रूप जोडीने येतात हे आम्हाला त्यात महत्त्वाचं वाटतं. आपणही 'नावारूपाला आला' असंच म्हणतो. ज्याच्यामागे कामाचं रूप नाही असं नाव पोकळ, आणि ज्याला नाव नाही असं काम कुणाच्याही खात्यावर जमा होतं.

मग करायचं काय? या तिघांकडे बघून आम्हाला सुचतं ते एवढंच. आपण कुणाकडे शिकलो ते सांगायला लाजू नका. बुवांनी आयुष्यभर तेच सांगितलं. एकाच गिऱ्हाइकाच्या ओसरीवर मुक्काम करू नका, मग तो कितीही मोठा असो. जिथे जमेल तिथे कामावर आपलं नाव राहील असं आधीच बोलून घ्या, आणि ते कागदावर घ्या. जे कबूल केलं ते ठरल्या तारखेला द्या. नाव म्हणजे शेवटी पुढच्या कामाबद्दल दिलेलं वचनच असतं. आणि आपल्या धंद्यातल्या दुसऱ्याला पाडून दर कमी करू नका, कारण धंद्याची पत गेली की तुमच्या पाटीवर कितीही सोनेरी अक्षरं असली तरी उपयोग नाही.

पाटी आज रात्री घरी जाऊन लावता येईल. नाव व्हायला वेळ लागेल, आणि ते झालं की नाही हे तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून कळेल. तेवढा धीर तुमच्यापाशी असावा, अशी आमची इच्छा आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.