ओटीपोटदुखी, जुनाट

बेंबीखालच्या भागात सहा महिने वा अधिक काळ टिकणारे किंवा पुनःपुन्हा उलटणारे दुखणे. काही तज्ज्ञ तीन महिन्यांची मर्यादा धरतात.

कारणे : बहुधा एकाहून अधिक. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढणे (एंडोमेट्रिओसिस) हे प्रमुख; जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातील सुमारे १०% स्त्रियांना ते असते. पाळीचे रक्त गर्भनलिकांतून उलटे पोटात गेल्याने ते होते, असे स्त्रीरोगतज्ज्ञ सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडले. परंतु असे रक्त बहुतेक स्त्रियांत उलटे जाते, आजार मात्र थोड्यांनाच होतो. याशिवाय गर्भनलिकांचा संसर्ग, जननमार्गाचा क्षय, मूत्राशय व आतड्याचे विकार, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा ताठरपणा. दीर्घ वेदनेने मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील होऊ शकते. म्हणून सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली तरी दुखणे खरे असते. बाईला ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवणे ही वैद्यकीय चूक आहे.

तपासणी : पाळी, लघवी, शौच व शरीरसंबंध यांच्याशी दुखण्याचा मेळ कसा बसतो, याची रोजची नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते. कार्नेट यांची खूण (१९२६) बिनखर्चाची : उताण्या रुग्णाच्या दुखऱ्या जागी बोट ठेवून मान-खांदे उचलायला सांगावे, दुखणे वाढले तर मूळ पोटाच्या भिंतीत असण्याचा संभव. ही खूण पाहायची अनेकदा राहून जाते. एंडोमेट्रिओसिसच्या निदानासाठी दुर्बिणीची तपासणी प्रत्येकीला आवश्यक नाही, असे युरोपीय मार्गदर्शिका (२०२२) सांगते.

उपचार : कारणानुसार वेदनाशामके, संप्रेरके, प्रतिजैविके, स्नायूंसाठी फिजिओथेरपी, सोबत समुपदेशन. स्पष्ट कारण न सापडलेल्या स्त्रियांत गॅबापेन्टिन निष्क्रिय गोळीहून सरस ठरले नाही (ब्रिटन, २०२०).

गर्भाशय काढणे : काही आजारांत योग्य, सरसकट उपाय नव्हे. ‘पिशवी’ काढल्यावरही काहींचे दुखणे राहते. बीजाशयेही काढल्यास रजोनिवृत्ती अकाली येऊन हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांबाबत नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये पाहणी केली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सुमारे १७%. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटात देशाचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे (वयोगट भिन्न असल्याने तुलना ढोबळ). खाड्याचा (गैरहजेरीचा) दंड, मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम), उसाच्या फडावर शौचालय नसणे, कर्करोगाची घातलेली भीती अशी कारणे पुढे आली. कोणते किती, याबाबत मतभेद आहेत. शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत मागणे हा रुग्णाचा हक्क आहे.

पुरुष : जंतूविना प्रोस्टेटदाह हे सामान्य निदान.

तातडीने दाखवावे : एकाएकी तीव्र कळ, ताप, पाळी चुकून दुखणे, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, वजन घटणे.