चौऱ्याहत्तर बल्बांची टक्कर

दीर्घिकांची टक्कर लहान मुलांना समजावायची झाली, तर मी दुर्बिणीपासून सुरुवात करत नाही. मी १९४१ सालच्या स्वीडनमध्ये जातो.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे एक खटले. अशी दोन खटली जवळ आली, की प्रत्येक भाग दुसऱ्या प्रत्येक भागाला ओढणार. एरिक होल्मबर्ग या खगोलशास्त्रज्ञाला ही ओढाताण मोजायची होती आणि हाताशी संगणक नव्हता. त्याने बल्ब घेतले. दिव्यापासून दुप्पट दूर गेले की उजेड पावपट उरतो. गुरुत्वाकर्षणही अगदी तसेच कमी होते. मग उजेडालाच ओढ का मानू नये? एका दीर्घिकेचे ३७ बल्ब, दुसरीचे ३७. एक बल्ब काढायचा, त्या जागी प्रकाशविद्युत घट ठेवायचा, कोणत्या बाजूने किती उजेड येतो ते मोजायचे आणि त्या हिशेबाने बल्ब किंचित सरकवायचा. मग दुसरा, मग तिसरा. सगळे संपले की पुन्हा पहिला. विज्ञानात याहून मोठे प्रयोग पुष्कळ झाले. याहून देखणा मला माहीत नाही.

त्यातून दिसले ते असे : जवळून जाताना दीर्घिकांचे आकार ताणले जातात, त्यांचा वेग या ढवळाढवळीत खर्ची पडतो आणि त्या एकमेकींत अडकू शकतात.

‘मग तारे फुटतात?’ हा प्रश्न ठरलेला. जवळजवळ नाहीच. सूर्य मोहरीएवढा धरला, तर सर्वांत जवळचा तारा ४० किलोमीटरच्याही पलीकडची मोहरी. आदळतात ते वायूचे ढग, आणि त्यांतून नवे तारे जन्मतात.

पुढे १९६६ मध्ये हॉल्टन आर्पने ३३८ विचित्र दीर्घिकांचा चित्रसंग्रह काढला. काहींना लांबलचक शेपट्या होत्या. नुसत्या गुरुत्वाकर्षणाने इतक्या बारीक शेपट्या निघतील, हे अनेकांना पटत नव्हते. १९७२ मध्ये आलार आणि युरी तूमरे या भावांनी संगणकावर त्या काढून दाखवल्या.

आपली आकाशगंगा आणि देवयानी यांची टक्कर सुमारे ४ अब्ज वर्षांनी होणारच, असे २०१२ मध्ये हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून सांगितले गेले. शेजारच्या लहान दीर्घिकांची ओढही हिशेबात धरल्यावर, २०२५ मध्ये, पुढच्या १० अब्ज वर्षांत ती होण्याची शक्यता निम्म्यावर आली. मुलांना हे मुळीच आवडत नाही. त्यांना टक्कर हवी असते.