पहिली नस

वॉर्डात फेरीला निघताना मी ॲप्रनच्या खिशात दोन डब्या टाकत असे. एकीत लवंगा, दुसरीत कॉफी. रुग्णाला डोळे मिटायला लावायचे, एक नाकपुडी बोटाने दाबायची, दुसरीपाशी डबी धरायची आणि विचारायचं, "कसला वास येतोय?" मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या (वॉर्डात आम्ही नसाच म्हणतो) बारा जोड्यांची तपासणी इथून सुरू होते. अमोनिया मात्र वापरायचा नाही. तो झोंबतो, आणि झोंबणं कळतं पाचव्या नसेला. वास गेलेला माणूसही दचकून मान मागे घेतो.

या जोड्या पूर्वी बारा नव्हत्या. दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गेलनने सात मोजल्या. वासाची नस त्यांत नव्हतीच. त्याचा शब्द युरोपात शतकानुशतकं चालला. १६६४ साली टॉमस विलिसने मेंदूच्या रचनेवर ग्रंथ काढला. त्यासाठी क्रिस्टोफर रेनने चित्रं काढून दिली. लंडनचं सेंट पॉल्स पुढे बांधलं तोच हा रेन. विलिसने नऊ जोड्या सांगितल्या आणि वासाच्या नसेला पहिला क्रमांक दिला. चेहऱ्याची आणि कानाची नस मात्र त्याने सातव्या क्रमांकात एकत्रच ठेवली. अशा एकत्र मोजलेल्या नसा वेगळ्या करून बाराचा हिशोब जमवला तो झ्योमरिंगने, १७७८ साली, गटिंगेनच्या प्रबंधात. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता!

मोजून झालं तरी कोणती नस काय करते, हे कळायला आणखी वेळ लागला. चेहऱ्यातल्या असह्य कळा थांबाव्यात म्हणून शल्यवैद्य सातवी नस कापत. कळा तशाच राहत आणि तोंड वाकडं होई. १८२१ पासून चार्ल्स बेलच्या लेखनाने सातवीचं काम चेहरा हलवण्याचं, हे पुढे आणलं. म्हणून आज "तोंडावरून वारं गेलं" म्हणत कुणी आलं की आम्ही आधी कपाळाला आठ्या घालायला सांगतो. लुळ्या बाजूलाही आठ्या पडल्या तर दोष मेंदूत शोधायचा, नाही पडल्या तर नसेत.

एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. वर्षभर सांगत होत्या, "भाजी करपली तरी मला कळत नाही हो." त्यांच्या जाड फायलीत प्रत्येक कागदावर बाराही नसा नॉर्मल लिहिल्या होत्या. मी डावी नाकपुडी दाबली, लवंग धरली. काहीच नाही. उजवी दाबली. तेच. मग स्कॅन केला. वासाच्या नसांवर दाब देणारी गाठ निघाली, लिंबाएवढी.

गेलनला ती नस मोजण्यासारखी वाटली नव्हती. आपल्याला तिचा क्रमांक पाठ आहे. तरुण डॉक्टरांनो, "बाराही नॉर्मल" असं लिहिण्याआधी रुग्णाला एक लवंग हुंगायला द्या.