न सोडलेली नोकरी

आमच्या पांढरपेशा वर्गात नोकरीकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली, महिनाअखेरच्या पगारावर दृष्टी ठेवून बाकीचे सारे निमूटपणे सोसण्याची. दुसरी, जीविताचे खरे कार्य नोकरीबाहेरच असते असे धरून ती झुगारून देणारांची थोरवी गाण्याची. या दुसरीच्या समर्थनार्थ विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ साली सरकारी शाळेतील जागेवर सोडलेले पाणी हमखास पुढे केले जाते. ते उदाहरण खोटे नव्हे. परंतु ज्याच्यामागे मुलेबाळे आहेत, राजीनामा देण्याची ज्यास सोय नाही, तो असल्या कथा ऐकून स्वतःस उगाच कमी लेखू लागतो. अशा वाचकांपुढे आम्ही आज एका न सोडलेल्या नोकरीची हकीकत ठेवीत आहो.

गोविंद सखाराम सरदेसाई १८८८ साली बी. ए. झाले आणि १८८९ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी वाचक म्हणून रुजू झाले. वाचक म्हणजे महाराजांस ग्रंथ वाचून दाखवावयाचे, त्यांचे सार काढावयाचे, आणि आज्ञा होईल त्या पुस्तकाचे मराठी भाषांतर करावयाचे. मॅकिआव्हेलीचा राजनीतिविषयक ग्रंथ आणि सीली यांचे इंग्लंडच्या साम्राज्यविस्तारावरील पुस्तक त्यांनी मराठीत आणले ते या चाकरीतच. पुढे राजपुत्रांस शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले. इतिहास शिकवावयाचा तर हाताशी पुस्तक हवे. आणि हिंदुस्थानाचा सलग इतिहास सांगणारे मनाजोगे मराठी पुस्तक मिळेना. तेव्हा शिक्षकाने स्वतःच इंग्रजी ग्रंथ चाळून टिपणे काढावयास प्रारंभ केला.

आम्हांस या हकीकतीतील मर्माची जागा हीच वाटते. टिपणे काढणे हे हुद्द्याचे काम होते. धडा उरकण्यापुरती चार पाने पुरली असती, आणि त्याबद्दल कोणी जाब विचारला नसता. सरदेसायांची टिपणे मात्र वाढत गेली. त्यांतून १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ बाहेर पडली. मागोमाग मराठी रियासतीचे भाग निघू लागले, ब्रिटिश रियासतही झाली, आणि बडोद्याच्या या नोकरदारास महाराष्ट्र ‘रियासतकार’ म्हणू लागला. दिवस मात्र दरबाराचे होते. महाराजांची स्वारी निघाली की बरोबर निघावयाचे, मर्जी होईल तेव्हा हजर राहावयाचे, आणि उरल्या वेळात पानिपत लिहावयाचे! राजदरबारच्या चाकरीत ‘उरला वेळ’ म्हणजे काय चीज असते, हे ज्याने ती केली त्यासच ठाऊक.

पुण्याकडील कित्येक संशोधक त्यांस निव्वळ संकलक समजत. हा आक्षेप आम्हांस सर्वस्वी अन्यायाचा वाटत नाही. राजवाडे गावोगाव हिंडून जुने कागद जमवीत असता सरदेसाई बव्हंशी दुसऱ्यांनी छापलेल्या साधनांवरच आपली इमारत रचीत होते. अस्सल कागदांच्या राशीत बसावयाचे त्यांचे भाग्य अजून उगवले नव्हते. नोकरीने त्यांस इतिहास दिला खरा, पण त्या इतिहासाचे मूळ नोकरीने दूरच ठेवले होते.

१९२५ साली, छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर, ते निवृत्त झाले. त्याच सुमारास त्यांचा तरुण, विद्वान पुत्र श्यामकांत जर्मनीत वारला. कोणीही लेखणी खाली ठेवली असती, आणि त्यास कोणी नाव ठेविले नसते. सरदेसायांनी लोणावळ्याच्या पलीकडे कामशेतला बिऱ्हाड केले व ते पुन्हा लिहावयास बसले. फार वर्षांपासून ज्यांच्याशी पत्रव्यवहार चालला होता ते बंगालचे जदुनाथ सरकार यांचा या कामी त्यांस मोठा आधार होता. १९२९ साली पुण्याच्या पेशवे दफ्तरातील निवडक कागद छापण्याचे काम मुंबई सरकारने त्यांच्याकडे सोपविले. ही निवड अनेक पुणेकर संशोधकांस रुचली नाही. ज्या दफ्तरात आपणांस शिरकाव नाही ते एका पेन्शनरास मोकळे व्हावे, याचा राग आम्ही समजू शकतो. पण चौसष्टाव्या वर्षी त्या मोडी कागदांच्या हजारो रुमालांपुढे बसून या पेन्शनराने १९३३ पर्यंत पंचेचाळीस खंड तयार केले, ही गोष्ट कोणासही नाकारता यावयाची नाही.

त्या रुमालांनी त्यांच्या स्वतःच्याच पुस्तकांतील कित्येक पाने जुनी करून टाकली. रियासतीत एकदा मांडलेली हकीकत मूळ पत्र हाती येताच फिरवावी लागे. ऐन उमेदीत केलेले काम म्हातारपणी आपल्याच हाताने खोडावयाचे, हे शोधकपणाच्या कौतुकापेक्षा पुष्कळ कठीण आहे. त्यांनी ते केले. १९४६ ते १९४८ या काळात, ऐंशी उलटल्यावर, मराठ्यांचा इतिहास त्यांनी इंग्रजीत तीन खंडांत नव्याने सांगितला. १९५९ साली कामशेतलाच त्यांचा अंत झाला.

बडोद्याच्या गादीचे पुढे काय झाले? सयाजीराव १९३९ साली वारले, तेव्हा त्यांच्या मागून गादीवर नातू बसला. पुत्रांपैकी एकाच्याही वाट्यास ती आली नाही. थोरले फत्तेसिंगराव तर १९०८ सालीच निवर्तले होते. १९४९ साली ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजपुत्रांच्या धड्यासाठी काढलेल्या त्या टिपणांतून निघालेली रियासत मात्र आमच्या घरच्या कपाटात अजून आहे. तिच्या पुठ्ठ्याची शिवण उसवली आहे, आणि आम्ही ती पुन्हा बांधावयास देणार आहो.