पाच आठवड्यांचा खेळ

२६ एप्रिल २०१४ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो या गावी एक जुना कचराडेपो खणण्यात आला. वाळूचे वादळ सुटलेले असतानाही पाहायला गर्दी जमली होती. खाली सापडल्या त्या व्हिडिओ गेमच्या चेपलेल्या, मातीने माखलेल्या कॅसेट. अटारी या कंपनीने सप्टेंबर १९८३ मध्ये टेक्सासमधील एल पासो येथील गोदामातून ट्रक भरभरून आणून त्या इथे पुरल्या होत्या आणि वर काँक्रीट ओतले होते. त्यांत 'ई. टी.' नावाचा खेळ होता. जगातला सर्वांत वाईट खेळ, ज्याने एक अख्खा उद्योग बुडवला, अशी त्याची ख्याती तीस वर्षे सांगितली जात होती.

मराठी साहित्य शिकवणाऱ्यांनी या खड्ड्यात का डोकवावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमची पिढी नव्वदच्या दशकात निन्तेन्दोच्या नकली यंत्रांवर मारिओ आणि काँट्रा खेळत वाढली. कॅसेट अडली की तिच्यात फुंकर मारणे आमच्याही अंगवळणी पडले होते. पण कारण तेवढेच नाही. एखादी कृती फसते तेव्हा दोष कोणाच्या नावावर लिहिला जातो, हा प्रश्न समीक्षेचाही आहे. 'ई. टी.'ची कथा त्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे.

अटारीची स्थापना १९७२ साली नोलन बुशनेल आणि टेड डॅब्नी यांनी केली. १९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने ती विकत घेतली आणि १९७७ मध्ये घरच्या टीव्हीला जोडायचे, कॅसेट बदलून नवे खेळ खेळता येणारे तिचे यंत्र बाजारात आले. त्या काळी एक खेळ बहुधा एकच माणूस रचत असे: कल्पना त्याची, चित्रे त्याची, आवाजही त्याचाच. म्हणजे लेखकच. परंतु खोक्यावर त्याचे नाव छापायचे नाही, असे कंपनीचे धोरण होते. वॉरन रॉबिनेटने 'अ‍ॅडव्हेंचर' या खेळात एका गुप्त दालनात आपले नाव दडवून ठेवले, ते याच कारणाने. श्रेय आणि मोबदला यांच्या प्रश्नावरून चार प्रोग्रामर बाहेर पडले व १९७९ साली त्यांच्या सहभागाने अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी उभी राहिली. अटारीच्या यंत्रासाठी बाहेरच्या कंपनीने खेळ काढावेत की नाही, यावरून झालेला खटला १९८२ मध्ये तडजोडीने मिटला. मग अशा कंपन्यांचे पेवच फुटले.

जून १९८२ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई. टी.' प्रदर्शित झाला. त्यावर खेळ काढण्याचे हक्क वॉर्नरने जुलैत मिळवले. त्यासाठी दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजल्याचे तेव्हापासून सांगितले जाते. एवढा पैसा ओतल्यावर नाताळची विक्री हुकवणे परवडणारे नव्हते. आज खेळ तारेवरून घरी पोहोचतो. तेव्हा तो कारखान्यात चिपवर कायमचा कोरावा लागे आणि लाखो चिप तयार व्हायला महिने लागत. त्यामुळे नाताळला दुकानात हवा असलेला खेळ सप्टेंबरच्या आरंभी पुरा होणे भाग होते. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रामरच्या हाती सुमारे पाच आठवडे उरले. 'यार्स रिव्हेंज' हा त्याचा आधीचा खेळ आजही अटारीच्या उत्तम खेळांत गणला जातो. तो रचायला त्याला कित्येक महिने मिळाले होते. म्हणजे माणूस नवखा नव्हता.

पाच आठवड्यांत त्याने जे रचले ते धाडसी होते. परग्रहावरचा तो जीव वेगवेगळ्या पडद्यांवरून फिरतो, विहिरीसारख्या खड्ड्यांत उतरून दूरध्वनीचे तुकडे गोळा करतो आणि घरी निरोप धाडतो. दोष असा, की त्याच्या आकृतीचा जरासा भाग खड्ड्याच्या कडेला लागला तरी तो खाली पडे. कसाबसा वर येई, आणि वर येताच पुन्हा पडे. लहान मुलांच्या दृष्टीने खेळ म्हणजे पडणे आणि चढणे एवढेच उरले. हा दोष कल्पनेचा नव्हता. लिहिलेले पुन्हा वाचून पाहायला, दुसऱ्याला खेळायला देऊन त्याचा चेहरा न्याहाळायला जो अवकाश लागतो, तो नसल्याचा हा दोष होता.

सुमारे ४० लाख कॅसेट काढल्या गेल्या. त्यांतल्या लाखो पडून राहिल्या किंवा परत आल्या. १९८३ या एका वर्षात अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या वर गेला आणि जुलै १९८४ मध्ये वॉर्नरने कंपनीचा घरगुती यंत्रांचा विभाग जॅक ट्रमील यांना देऊन टाकला. यावरून 'एका खेळाने उद्योग बुडवला' ही कथा जन्मली.

परंतु तारखा जुळवून पाहिल्या की कथा डळमळते. अटारीची मिळकत अपेक्षेहून फारच कमी वाढेल, हे वॉर्नरने ७ डिसेंबर १९८२ रोजी जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी तिचा समभाग सुमारे एक तृतीयांशाने कोसळला. 'ई. टी.' तेव्हा दुकानांत नुकता कुठे मांडला जात होता. घसरण आधीच सुरू झाली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या 'पॅकमॅन'च्या घरगुती आवृत्तीने, सत्तर लाखांवर प्रती खपूनही, लखलखणाऱ्या भुतांमुळे खेळणाऱ्यांचा विश्वास गमावला होता. दुकानांत निकृष्ट खेळांचा ढीग साचला होता, न खपलेला माल कंपन्यांकडे परत येत होता, किमती पडत होत्या आणि घरगुती संगणक स्वस्त होत होते. उत्खननानेही हेच दाखवले. निघालेल्या सुमारे १३०० कॅसेटमध्ये 'ई. टी.' होताच, पण गाजलेले आणि नावाजलेले खेळही होते. पुरले गेले ते एका माणसाचे अपयश नव्हते. एका कंपनीचा अंदाज पुरला गेला होता.

तरीही दोष चिकटला तो वॉरशॉला. ज्या कंपनीने यशाच्या काळात लेखकांची नावे झाकली, तिच्या अपयशाला मात्र एक नाव मिळाले. त्यानेही आपली आद्याक्षरे या खेळात दडवली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातला विरोधाभास बोचतो. पुढे तो मानसोपचाराकडे वळला. मुदत कोणी ठरवली, ४० लाखांचा आकडा कोणी काढला, हे प्रश्न कथेत मागे पडले, कारण कथेला एक चेहरा लागतो आणि कॅलेंडरला तो नसतो.

दुसरी बाजू खेळणाऱ्यांची. १९८२ च्या मुलांपाशी मत मांडायला फारशी जागा नव्हती. खेळ परत करणे हीच त्यांची समीक्षा. त्यांच्या नाराजीतून उद्योगाने काढलेला धडाही विचार करण्याजोगा आहे. १९८५ मध्ये निन्तेन्दोने अमेरिकेत यंत्र आणले ते परवान्याविना कोणाचाही खेळ चालू न देणाऱ्या चिपसह, आणि खोक्यावर दर्जाची मोहोर उमटवून. विश्वास परत आला, पण दर्जा ठरवण्याची सत्ताही एका हाती गेली. खेळणाऱ्यांनी मात्र वेगळे उत्तर दिले. २०१३ मध्ये एका हौशी प्रोग्रामरने 'ई. टी.'ची मूळ संहिता उलगडून, त्यातले थोडके आकडे बदलून, खड्ड्यांची चूक दुरुस्त करून दाखवली. याला आमच्या विषयात पाठचिकित्सा म्हणतात. ज्या कृतीला कचरा ठरवले गेले, तिच्याकडे कोणीतरी संहिता म्हणून पाहिले.

ही कथा जुनी झाली असे मात्र नाही. १० डिसेंबर २०२० रोजी, अनेकदा पुढे ढकलून, पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा 'सायबरपंक २०७७' आला. सक्तीचे जादा काम लादणार नाही असे सांगणाऱ्या कंपनीने त्याआधी सहा दिवसांचा आठवडा केला होता. जुन्या यंत्रांवर खेळ इतका अडखळला, की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत दिले. पुन्हा ठेवला तो जून २०२१ मध्ये. पुढे सुधारणा होत होत २०२३ च्या मोठ्या दुरुस्तीनंतर त्याला नव्याने दाद मिळाली. चिपवर कोरलेली चूक आता कायमची राहत नाही आणि खेळणाऱ्यांचा आवाज काही तासांत पोहोचतो, ही प्रगतीच आहे. पण 'नंतर दुरुस्त करू' या सोयीमुळे अपुरी कृती पूर्ण किमतीला विकण्याची सवयही लागते, आणि पहिल्या दिवशी पैसे मोजणारा ग्राहक न कळत मुद्रितशोधक बनतो.

मुदतीबद्दल आमचे मत सरसकट वाईट नाही. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचा मोठा भाग दिवाळीच्या तारखेने लिहवून घेतला आहे; ती तारीख नसती तर कित्येक कथा लेखकांच्या मनातच राहिल्या असत्या. पण संपादकाने वेळेवर कथा मागणे वेगळे, आणि जाहिरात आधी करून पाच आठवड्यांत कादंबरी मागणे वेगळे. फसलेल्या कृतीपुढे उभे राहिल्यावर ती कोणी लिहिली हे विचारताना, त्याला किती दिवस दिले होते आणि ते कोणी ठरवले, हेही आपण विचारायला हवे. अलामोगोर्डोच्या खड्ड्यातून वर आलेल्या कॅसेट पुढे लिलावात एक लाख डॉलरहून अधिक रकमेला विकल्या गेल्या आणि एक स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात गेली. तिच्यावर चित्रपटाचे नाव आहे, कंपनीचे नाव आहे. रचणाऱ्याचे नाव तिथेही नाही.