भाकरी कोणाच्या हातची?

नगरकडचे ख्रिस्ती दुष्काळात मिशनच्या धान्यासाठी बाटले, असे आजही सहज बोलले जाते. त्यात काहीच तथ्य नाही असे नाही, म्हणून तर ते नीट तपासायला हवे. ही माणसे आधी स्वतःच्या पायांवर उभी होती आणि धर्म बदलल्यावर परक्याच्या अन्नावर विसंबली, असे त्यात गृहीत धरलेले असते. गावगाडा ज्याला थोडाफार ठाऊक आहे त्याला हे पटायचे नाही. येसकरपाळीचा महार गावची वर्दी पोचवी, सीमेच्या तंट्यात साक्षीला उभा राही, मेलेले जनावर ओढून नेई. त्याबदल्यात सुगीला खळ्यावरचे बलुते मिळे, आणि रोजची भाकरी तो दारोदार फिरून गोळा करी. ते अन्न हक्काचे खरे, पण हात पसरल्यावाचून पदरात पडत नसे. विसंबणे जन्मापासून पाठीशीच होते. कोणावर विसंबायचे, एवढेच काय ते ठरवायचे होते. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ‘देवाची कृपा’ या ख्रिस्ती श्रद्धेला जो रोजच्या जगण्यातला अर्थ आला, तो याच प्रश्नाशी झगडताना आला, असे माझे म्हणणे आहे.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे केले. पहिली वीस-पंचवीस वर्षे मुख्यतः शाळा, छापखाना आणि वादविवाद यांत गेली. मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरहूनच निघाले. १८५४-५५ मध्ये मिशनच्या बोस्टनमधल्या मुख्य कचेरीतून रूफस अँडरसन पाहणीला आले, नगरची इंग्रजी शाळा बंद झाली आणि मिशनऱ्यांचा मोर्चा खेड्यांकडे वळला. नेवासे-राहुरीच्या पट्ट्यातल्या महारवाड्यांत ख्रिस्ती मंडळ्या वाढू लागल्या त्या यानंतर, म्हणजे १८७६-७८च्या मोठ्या दुष्काळाच्या कितीतरी आधी. दुष्काळाने संख्या फुगवली हे कबूल. सुरुवात मात्र त्याने केलेली नाही. आणि सुरुवातीच्या त्या माणसांचा व्यवहार पाहिला तर तो तोट्याचाच दिसतो. नव्या ख्रिस्ती महाराने मढे ओढायला किंवा गावदेवाच्या जत्रेतले ठरीव काम करायला कां-कू केली, की बलुत्यावरून तंटा उभा राही. १८५०च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता, पण खळ्यावरचा वाटा आणि शिळी भाकरी कुठल्या कलमात बसणार? पायलीभर धान्यासाठी बाटला म्हणणाऱ्यांनी वर्षाचे बलुते घालवून बसलेल्याचाही हिशेब मांडावा.

देव स्वतः येऊन भक्ताचे देणे भागवतो, ही कल्पना या लोकांना साहेबाने शिकवली असे समजण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशाला, आणि संतचरित्रकार महिपती राहुरीजवळच्या ताहाराबादचा. त्याच्या ‘भक्तविजया’तला दामाजी दुष्काळात बादशहाचे कोठार भुकेल्यांसाठी लुटवतो, आणि त्या धान्याची रक्कम विठ्ठल स्वतः विठू महाराच्या वेषात बेदरला नेऊन भरतो. दुष्काळ, धान्य, फेडता न येणारे कर्ज, आणि ते फेडणारा देव महाराच्या रूपात! ही कथा कीर्तनातून घरोघर पोचलेल्या मुलखात येशूने आपले देणे चुकते केले हा उपदेश परका कसा वाटेल? कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, ते याच तयार जमिनीत.

अडचण निघाली ती दुसऱ्याच बाजूने. कृपा फुकट मिळते असे सांगणारा उपदेशक, पंतोजी, बायबलबाई, सगळे मिशनचे पगारी. मंडळीने आपला पाळक आपल्या वर्गणीवर पोसावा, हा अँडरसन यांचा आग्रह. पण ज्यांचे बलुते तुटले होते आणि ज्यांच्याकडे रोकड कधी आलीच नव्हती, त्यांनी पाळकाचा पगार द्यायचा कुठून? पुढे १८९९-१९००च्या दुष्काळात अमेरिकेतून ‘क्विटो’ जहाज मका घेऊन मुंबईला लागले. दुष्काळात केलेल्या कामासाठी नगरचे मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांना सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. त्या मदतीने माणसे जगली, याबद्दल दुमत नको. पण पाटलाच्या वाड्यासमोरचा हात आता मिशनच्या बंगल्यासमोर पसरला गेला, हेही तितकेच खरे. मायबाप बदलले, इतकेच.

हे ज्याला सर्वांत जास्त बोचले तो कवी मिशनच्याच नोकरीत होता. नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन नगरला आले आणि १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ उभा केला. आता यावर कोणी म्हणेल, टिळक ब्राह्मण, विद्वान, नावाजलेले. पगार सोडूनही त्यांच्या ताटात कोणीतरी वाढलेच असते, नेवाशाच्या भूमिहीन ख्रिस्त्याने हे कसे करावे? आक्षेप रास्त आहे. टिळकांचे उदाहरण नियम म्हणून चालणार नाही. कृपेवर हवाला ठेवून बसल्याने माणूस आळशी होतो, हाही जुना आक्षेप आहे, आणि त्याला टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र चांगले उत्तर देते. टिळक हातातले देऊन मोकळे होणार आणि संध्याकाळच्या चुलीचे लक्ष्मीबाईंनी पाहायचे, असा तो संसार. त्या नवऱ्याच्या श्रद्धेची थट्टा करतात, चिडतात, आणि परक्या पोरांना पुन्हा आपल्याच घरात जेवू घालतात. या पुस्तकातली कृपा आयती खाली पडत नाही; ती कोणाच्या तरी पदराला खार लावूनच येते.

मंडळ्यांनी पाळकाच्या पगाराचा प्रश्न हाताळला तोही असाच, संन्यासाविना. मराठी मंडळ्यांत उपकारस्तुतीच्या, म्हणजे सुगीबद्दल देवाचे आभार मानण्याच्या, उपासनेला लोक जे पिकले ते घेऊन येतात: ज्वारी, बाजरी, अंडी, भोपळा, एखादी पाय बांधलेली कोंबडी. उपासना संपली की लिलाव होतो, दोन अंड्यांवरही बोली चढते आणि पैसे मंडळीच्या खात्यात जातात. ज्याच्या आजोबाला खळ्यावर वाटा मागावा लागे, तो इथे देणारा म्हणून उभा असतो. अवर्षणाच्या या जिल्ह्यात देण्यासारखे दरवर्षी असतेच असे नाही, आणि परदेशी पैशाची सवय काही एका पिढीत सुटली नाही. पण पाटील आणि साहेब दोघांनाही वगळून विसंबायला एक जागा झाली, ती शेजारच्या बाकावरच्या माणसाची, जो स्वतःही कोरडवाहूच कसतो.