इंजिन बंद पडते तेव्हा

मोटार रस्त्यात बंद पडली तर आपण ती कडेला घेतो, बॉनेट उघडतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करतो. आकाशात कडेला घ्यायला जागा नसते. एकाच इंजिनाचे छोटे विमान, आत एकटे माणूस आणि इंजिन अचानक गप्प! अशा वेळी काय करायचे? मी काही वैमानिक नाही. पण या प्रश्नाचे एक उत्तर १९३६ साली एका बाईने अटलांटिक महासागरावर, भर रात्री दिले. त्याची ही गोष्ट.

तिचे नाव बेरिल मार्कहॅम. जन्म १९०२ चा, इंग्लंडमधला. पण ती लहानाची मोठी झाली पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या केनियात. आधी तिने शर्यतीचे घोडे तयार केले. मग टॉम कॅम्बेल ब्लॅक या वैमानिकाच्या हाताखाली ती विमान चालवायला शिकली. शिकाऱ्यांसाठी आकाशातून हत्तींचे कळप हुडकण्याचे कामही तिने केले.

४ सप्टेंबर १९३६ च्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनहून ती एकटी निघाली. जायचे होते न्यूयॉर्कला. उत्तर अटलांटिकवर वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणजे अमेरिकेकडे जाताना वारा तोंडावर, आणि इंधन जास्त लागणार. विमान होते ‘व्हेगा गल’, लाकडी बांधणीचे आणि एका परिचिताकडून मागून आणलेले. रेडिओ नव्हता. बसायच्या जागेत जादा टाक्या बसवल्या होत्या, पण त्यांत किती इंधन उरले हे दाखवणारा काटा नव्हता. तिला सांगितले होते, एक टाकी पूर्ण रिकामी होऊ दे. इंजिन बंद पडेल, मग दुसरीची तोटी उघड. ते पुन्हा सुरू होईल.

ऐकायला किती सोपे! पण वादळी रात्र, खाली काळाकुट्ट समुद्र आणि खरोखरच इंजिन थांबले. विमान खाली जाऊ लागले. अशा वेळी हात आपोआप दांडा मागे ओढायला धावतो. खाली जातो आहोत, तर नाक वर करावे, असेच मन सांगते. तिने उलट केले. दांडा पुढे ढकलला, म्हणजे विमानाचे नाक आणखी समुद्राकडे केले. मग अंधारात चाचपडत तोटी शोधली आणि उघडली. पाणी काहीशे फुटांवर आले असताना इंजिन पुन्हा धडधडू लागले.

हा वेडेपणा नव्हता, शहाणपण होते. विमानाला इंजिन नव्हे, पंखांवरून वाहणारी हवा तोलून धरते. इंजिन बंद पडल्यावर नाक वर ओढले तर वेग जातो, पंखांचा आधार सुटतो आणि विमान दगडासारखे कोसळते. नाक खाली केले तर वेग टिकतो आणि विमान तरंगत उतरते. आजचे साधे चार आसनी विमान एक किलोमीटर उंचीवरून, वारा शांत असेल तर, इंजिनाशिवाय सुमारे नऊ किलोमीटर जाऊ शकते. सुरुवातीच्या काळात कितीतरी वैमानिक इंजिन बंद पडले म्हणून नव्हे, तर घाबरून नाक वर ओढले म्हणून प्राणांस मुकले. त्यांच्या मरणातून हा धडा तयार झाला आणि गुरूकडून शिष्याकडे येत राहिला.

आजही नवशिक्याला हाच क्रम घोकायला लावतात. आधी विमान सांभाळा. मग उतरायला जागा हेरा. वेळ असेल तर बिघाड शोधा. टाकी बदलून पाहा. रेडिओवर हाक त्यानंतर. मदत मागायची नाही असे नव्हे. पण बोलण्याच्या नादात विमान हातचे जाता कामा नये.

बेरिलची परीक्षा अजून संपली नव्हती. पलीकडचा किनारा दिसला आणि शेवटच्या टाकीच्या हवेच्या नळीत बर्फ धरला. इंधन नीट पोचेना. इंजिन खोकू लागले. न्यूयॉर्क राहिले दूर. सुमारे २१ तासांच्या प्रवासानंतर, ५ सप्टेंबरला, कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर बलीन इथे तिने जमीन निवडून विमान उतरवले. वरून सपाट दिसणारी ती जागा निघाली दलदल. नाक चिखलात रुतले, शेपूट वर. बाईच्या डोक्याला खोक पडली, पण ती आपल्या पायांनी बाहेर आली. पूर्वेकडून पश्चिमेकडे एकटीने उत्तर अटलांटिक ओलांडणारी ती पहिली स्त्री ठरली. न्यूयॉर्कने तिचे जंगी स्वागत केले.

आणि तिचे गुरू? दोनच आठवड्यांनी, १९ सप्टेंबरला, लिव्हरपूलच्या विमानतळावर कॅम्बेल ब्लॅक यांचे विमान जमिनीवरच असताना दुसरे विमान त्यावर येऊन आदळले आणि ते गेले. तिथे कुठलाही धडा उपयोगी पडणार नव्हता. पण त्यांनी शिकवलेला हात त्या रात्री अटलांटिकवर चुकला नाही. बेरिल पुढे ५० वर्षे जगली. १९८६ मध्ये नैरोबीत, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी तिने जगाचा निरोप घेतला.